बाराही महिने अंगण

मु. जळकोट, जि. लातूर

चि. सौ. सूनबाईस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. उन्हाळ्यात झळा, पावसाळ्यात चिखल आणि हिवाळ्यात सर्दी, तेव्हा मुलांनी बाहेर खेळावे तरी केव्हा, हा तुझा प्रश्न लातुरात तिसऱ्या मजल्यावर राहून मुलांच्या शिकवण्या सांभाळणाऱ्या आईला पडावा हे स्वाभाविकच आहे. तथापि तिन्ही ऋतूंना एकाच हुकमाने दोषी ठरवून मुलांना नजरकैदेत ठेवण्याचा जो निवाडा तू दिला आहेस, त्यावर माझी हरकत दाखल व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या या मुलखात खेळांची वाटणी ऋतूंनीच करून ठेवली आहे. मृगाच्या सरींनी काळी जमीन भिजली की पोरे लोखंडी सळई घेऊन निघतात. फेकलेली सळई उभी रुतली तर पुढे सरकायचे, आडवी पडली की डाव गेला. रान फार ओले असेल तर सळईला मणभर चिकण चिकटते, सुकले असेल तर ती आत शिरत नाही, आणि या दोहोंमधला नेमका ओलावा, ज्याला कुणबी वापसा म्हणतो, तो आठ वर्षांच्या पोराच्या मनगटाला कोणत्याही पुस्तकावाचून कळू लागतो. वैशाखात त्याच जमिनीला भेगा पडतात. तेव्हा हा खेळ मागूनही मिळायचा नाही. पुढे पंचमीचे झोके येतात, पोळ्याचे मातीचे बैल येतात.

थंडीचे म्हणशील, तर मार्गशीर्ष अमावास्येची येळवस आठव. सगळा गाव शेतात लोटतो, कडब्याच्या कोपीत पांडव मांडून भज्जी, उंडे आणि आंबील यांचा नैवेद्य होतो, आणि पोरे दिवस मावळेपर्यंत ज्वारी-हरभऱ्याच्या रानात हुंदडतात. त्या दिवशी पोराला वारे बाधेल असे कोणतीही आई म्हणत नाही. मग उरलेल्या हिवाळ्यानेच काय अपराध केला?

उन्हाची तुझी तक्रार मात्र मला अंशतः मंजूर आहे. चैत्र-वैशाखात दुपारी बारा ते चार मुलांनी सावलीतच असावे. पण सकाळ आणि दिवेलागणीची वेळ त्यांची आहे, आणि वडाच्या पारंब्या असतील तेथे सूरपारंबीला दुपारचीही मुभा द्यावी. ढग गडगडू लागले की खेळ मोडून घरात, आणि अशा वेळी झाडाखाली तर मुळीच नाही, एवढा नियम कडक ठेव. आपल्याकडे वीज माणसे घेते. चिखलाला घाबरू नकोस, तो धुतल्याने जातो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात, गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे पाहून, शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणून तो प्रयोग प्रसिद्ध आहे. जेथे मूल आहे तेथे शिक्षणाने जावे, हे त्यांनी ओळखले. आपण मुलाला ओढून भिंतीआड आणतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरवले आहे. ते पावसाळ्यात कुलूपबंद ठेवावे, असे कलम काही माझ्या वाचनात आले नाही.

तेव्हा येत्या येळवसेला शिकवणीवाल्यांकडे दोन दिवसांच्या रजेचा अर्ज देऊन मुलांना इकडे पाठव. सोबत जुने कपडे दे. नवे दिलेस तर परत येताना ते जुने झालेले असतील.

तुझा,
मामंजी