नवरा, नवरी आणि घनगडची शिडी

चाळिशी ओलांडलेल्या नवरा-बायकोने मुलांना घरी ठेवून डोंगरात तंबू ठोकायला जायचं, हे आमच्या घरात कुणाला पटेना. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "घरात बोलायला जागा नाही का?" खरं सांगायचं तर नाहीच. दोन खोल्या, तीन मुलं, माझे वह्यांचे गठ्ठे, ह्यांची शिफ्ट. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण सलग दोन दिवस फक्त दोघंच, असं कधी झालं नव्हतं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी बाइकवरून पौड, मुळशी, निवे करत भांबर्ड्याकडे निघालो. बहुतेक लोक मुळशीला धरणाच्या काठावरच थांबतात. याच धरणाविरुद्ध १९२१ साली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते त्याच लढ्यात. धरण व्हायचं ते झालंच. पाणी डोंगराखाली कोकणात भिऱ्याला जातं आणि तिथे वीज होते. ते इतकं निळं दिसतं की तळाशी गावं आहेत, हे मुद्दाम आठवावं लागतं.

भांबर्ड्याजवळ दोन सुळके आहेत, नवरा आणि नवरी. जवळ उभे, पण एकमेकांना न टेकलेले. "आपलेच फोटो," हे म्हणाले. मी हसले नाही. थोडं लागलंच.

एकोले गावातून घनगड फार उंच वाटत नाही. गारजाई देवीच्या देवळापर्यंत झाडीतली वाट, पुढे दरवाजा, गुहा आणि मग कातळाला लावलेली लोखंडी शिडी. हे शिडीपाशी थांबले. एका हाताने गज धरला आणि चेहरा पांढरा पडला. घरात गॅस सिलिंडर खांद्यावर नेणारा माणूस!

"तू जा. मी इथे बसतो."

मलाही जायचं होतं, हे लपवून काय उपयोग? पण अठरा वर्षांत त्यांना असं कुठे मागे सोडून मी गेले नव्हते. मागे राहायची सवय माझी. सलवारचे पायचे वर खोचले आणि चढले. माथ्यावर सुधागड, तैलबैला, सगळा घाटमाथा उघडा. खालून दर दोन मिनिटांनी हाक येत होती, "आहेस ना?" मी ओरडायची, "आहे!" इतकं आम्ही घरात कधी एकमेकांना विचारत नाही.

रात्री परवानगी काढून एका शेतकऱ्याच्या खाचरात तंबू लावला. त्यांच्या घरच्या मावशींनी नावं विचारली. नाव सांगितलं की समोरचा क्षणभर थांबतो, ते मला पाठ आहे. त्याही थांबल्या आणि म्हणाल्या, "आज आमच्यात नुसती पावट्याची भाजी नि भाकरी आहे बाई, चालंल ना?" अडचण एवढीच होती!

झोप कुणाला आली? थंडीने दात वाजत होते. अंधारात ह्यांनी शिडीबद्दल सांगितलं. लहानपणी भावाला विहिरीत पडताना पाहिलं होतं, तो वाचला, पण तेव्हापासून असं होतं. मला हे माहीतच नव्हतं.

फजरला बर्फासारखं पाणी बघून म्हणाले, "तयम्मुम चालेल का?" मी मास्तरीण. म्हटलं, पाणी आहे, तब्येत ठणठणीत आहे, मग माती कशाला? कण्हत-कुथत वुजू केला. किबला पश्चिमेला, म्हणजे घाटाच्या कड्याकडे, कोकणाकडे. तंबूशेजारी दोन मुसल्ले मागेपुढे अंथरले.

रविवारी तैलबैल्याच्या खिंडीत गेलो. दोन्ही बाजूंना कातळाच्या या दोन भिंती. खिंडीपर्यंत शिडी नाही, म्हणून हे पुढे आणि माझे गुडघे मागे. वळणावळणावर आता त्यांची हाक.

पुढच्या हिवाळ्यात वाघजाई घाटाने ठाणाळ्याच्या लेण्यांकडे उतरायचं म्हणतात. वाटेत शिडी आहे का, ते आत्तापासून विचारून ठेवलंय.