खातं उघडलंय का?

चाळिशी उलटलेल्या माणसानं नवीन काही शिकू नये, असं माझं स्पष्ट मत होतं. त्या वयात शिकण्यासारख्या दोनच गोष्टी उरतात : चष्मा कुठे ठेवला ते आठवणं, आणि जिना चढताना कुणी पाहत नसेल तेव्हाच दम खाणं. बाकीचं शिक्षण मुलांनी घ्यावं. आपण फी भरावी आणि निकालाच्या दिवशी "आमच्या वेळी..." अशी सुरुवात करावी. हे मत मी वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून बनवलं होतं, त्यामुळे ते चांगलंच बसकं झालं होतं. ते मोडलं आमच्या कन्येनं, आणि तेही नापास होऊन.

आम्ही रिठदला राहतो. रिठद म्हणजे वाशीम जिल्हा, रिसोड तालुका. कन्या रोज एस.टी.नं वाशीमला बी.सी.ए.च्या कॉलेजात जाते. त्या दिवशी ती दारातून आत येता येताच म्हणाली, "बाबा, जावा राहिला."

"बसमध्ये?" मी विचारलं.

"विषय राहिला हो!"

सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला वाटलं, घरगुती विषय निघालाय. "जावांचं काय घेऊन बसलीस? मी तीन जावांबरोबर अकरा वर्षं काढली. एकीच्याही पेपरात नापास झाले नाही."

ही जावा वेगळी, हे तिला समजावण्यात चहा गार झाला. अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या मंडळींनी तयार केलेली ही संगणकाची भाषा १९९५ साली बाहेर आली आणि आजही जगभर चालते. आमच्या बी.कॉम.ला असलं काही नव्हतं. आम्हाला डेबिट आणि क्रेडिट हे दोनच शब्द होते, आणि त्यातला डावीकडचा कोणता हे परीक्षेच्या सकाळपर्यंत नक्की नसायचं.

"पण अडतं नेमकं कुठे?" मी विचारलं.

"क्लासच समजत नाही."

"मग दुसरा क्लास लावू. फीचं बघू आपण."

यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं आमच्याकडे फक्त ऑडिटर पाहतात. "क्लास म्हणजे शिकवणी नव्हे, बाबा. ऑब्जेक्ट ज्याच्यापासून करतात तो क्लास."

ऑब्जेक्ट म्हणजे हरकत, एवढं मला ठाऊक होतं. मी कुठलीच हरकत न घेता गप्प बसलो.

प्रकरण इथंच मिटलं असतं. पण रात्री तिच्या मामांचा फोन आला. मेहकरकडचं एक स्थळ होतं, मुलाचं स्वतःचं औषधाचं दुकान. "जमत नसन तं पोरीची ओढाताण कायले करता, भाऊजी?" असं ते म्हणाले. मी म्हणालो, "विचारतो." विचारलं, तर कन्या खाली मान घालून म्हणाली, "मी सोडतेच हे, बाबा. माझ्या डोक्यात नाही शिरत."

त्या रात्री मला झोप आली नाही, कारण हे वाक्य मी पूर्वी ऐकलेलं होतं. बोलणारा मीच होतो. १९९८ साली वाशीम जिल्हा झाला आणि पुढच्याच वर्षी मी तिथं कॉम्प्युटरचा क्लास लावला. (हा शिकवणीचाच क्लास.) जिल्हा नवा, कॉम्प्युटर नवा, मीही नवा. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "कळलं का सगळ्यांना?" सगळे "हो" म्हणाले, म्हणून मीही "हो" म्हणालो. मला काहीही कळलं नव्हतं. चौथ्या दिवशी मी गेलो नाही. आजवर सगळ्यांना सांगत आलो की डोक्यात शिरलं नाही. खरं म्हणजे हात वर करायची लाज वाटली होती. एवढ्याशा लाजेपायी पोरीनं पुस्तक मिटू नये, असं फार वाटलं.

रविवारी सकाळी मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "दाखव काय ते. मला काही येत नाही, तेव्हा लाजायचं कारण नाही. दोघांपैकी जास्त ढ मीच."

तिनं प्रोग्राम उघडला आणि मी चष्मा पुसून पुन्हा लावला. समोर चक्क बँकेचं खातं होतं! या विषयाच्या पुस्तकांत हे उदाहरण हटकून असतं म्हणे. सुट्टीच्या दिवशीही बँक माझ्या पाठीमागे घरी आली होती. कन्येनं नावंही मराठीत दिली होती : खाते, शिल्लक, ग्राहक. जावाला देवनागरी नावं चालतात. तिचे स्वतःचे ठरलेले शब्द तेवढे इंग्रजीच लागतात. म्हणजे आमच्या हेड ऑफिसपेक्षा ती बरी.

"हा क्लास," ती म्हणाली. "खात्यात काय काय असतं आणि खात्याचं काय काय करता येतं, ते यात लिहिलंय. नंबर, नाव, शिल्लक. पैसे भरणं, पैसे काढणं."

"म्हणजे खातं उघडायचा कोरा फॉर्म!"

ती थांबली. "हो... तसंच."

"आणि फॉर्म भरून जे खातं निघतं ते ऑब्जेक्ट?"

"हो."

"मग सोपं आहे की. फॉर्म एक, खाती हजार. कोऱ्या फॉर्मवर कुणी पैसे भरत नाही."

"तेच तर मी केलंय," ती कसनुशी हसली. तिनं दहा खात्यांची यादी मागवली होती आणि पहिल्यात पाचशे रुपये भरायला गेली होती. त्यावर जावानं 'नल पॉइंटर एक्सेप्शन' असं लांबलचक काहीतरी सुनावून काम बंद केलं होतं. मी विचार केला. दहा खणांचं कपाट आणलं, खणांना एक ते दहा नंबर दिले, पण आत फाइल एकही ठेवली नाही. यादी म्हणजे खण. प्रत्येक खणात 'न्यू' म्हणून एकेक खातं उघडून ठेवावं लागतं. तोवर खणात 'नल', म्हणजे हवा.

"खातं उघडलंय का?" हा प्रश्न मी काउंटरवर दिवसातून किमान वीस वेळा विचारतो. अनुदान आलं नाही, हप्ता आला नाही, अशा तक्रारींवरचा तो आमचा पहिला प्रश्न. कन्येनं तो कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवला. हा रिकामा 'नल' १९६५ साली टोनी होअर नावाच्या थोर इंग्रज शास्त्रज्ञानं एका भाषेत आणला, आणि २००९ साली भर सभेत त्यांनी तो आपला अब्ज डॉलरचा प्रमाद म्हणून कबूल केला. चुकीची जाहीर कबुली द्यायला चव्वेचाळीस वर्षं! माझ्या १९९९ सालच्या प्रकरणाला अजून पुष्कळ मुदत आहे, असा मला धीर आला.

खाती उघडली, तर दुसराच गोंधळ. एका खात्यात पाचशे भरले की दहाही खात्यांत पाचशे दिसायचे. ही व्यवस्था रिठदला लागू केली असती तर गावानं माझी मिरवणूक काढली असती. मात्र एकानं पाचशे काढले की दहाही जणांचे जायचे, तेव्हा मिरवणूक परत येताना वेगळ्या कारणासाठी आली असती.

"शिल्लकपुढे हे 'स्टॅटिक' काय लिहिलंय?" मी विचारलं.

"ते लिहिलं नाही तर लाल रेघ यायची. म्हणून लिहिलं. रेघ गेली."

मला भरून आलं. पोरगी माझ्यावर गेली होती. ऑडिटरनं लाल शेरा मारला की शेरा जाईल असं काहीतरी लिहायचं, ही सरकारी कामकाजाची जुनी परंपरा. पुस्तक चाळल्यावर उलगडा झाला : 'स्टॅटिक' म्हणजे सगळ्यांत मिळून एकच. प्रोग्राम जिथून सुरू होतो ती 'मेन' स्वतः स्टॅटिक असते, तिच्यासमोर कुठलंही एक खातं नसतं. ती विचारते, "शिल्लक? कुणाची शिल्लक?" म्हणून लाल रेघ. त्यावर उपाय एकच, आधी खातं उघडायचं आणि मग त्या खात्याची शिल्लक विचारायची. शिल्लकच सामायिक करून टाकणं हा उपाय नव्हे. आमच्या भिंतीवर व्याजदराचा फलक असतो, तो सगळ्या शाखेत एक. तो स्टॅटिक. शिल्लक ज्याची त्याची.

दुपारी जेवताना आम्ही वारशावर आलो. बँकेत वारसा म्हटलं की बाप गेलेला असतो, तीन भाऊ आलेले असतात आणि चौथा वकिलाला घेऊन येणार असतो. जावात बरं आहे. बाप हयात असतो, कामावर असतो, आणि मुलाला सगळं आयतं मिळतं. बचत खातं आणि मुदत ठेव ही दोन्ही मूळ 'खाते' या बापाची मुलं. इथवर ठीक. पण कन्येनं 'ग्राहक'सुद्धा खात्याचाच मुलगा केला होता. का, तर ग्राहकाला शिल्लक पाहिजे ना!

"ग्राहक हे खातं आहे का?" मी विचारलं.

"नाही. ग्राहकाकडे खातं असतं."

"आपण त्याला काय म्हणतो? खातेधारक. खातं धारण करणारा. 'आहे' आणि 'जवळ आहे' यात फरक आहे, बाई. मी मॅनेजर नाही, मला मॅनेजर आहे."

"आणि मला तुम्ही दोघं आहात," सौ. वाढता वाढता म्हणाली. "जावा मिटा आणि जेवा."

संध्याकाळपर्यंत आम्ही शिल्लक 'प्रायव्हेट' केली. आधी ती उघडी होती आणि कुणीही बाहेरून येऊन तीत उणे सातशे लिहून जात होतं. हे म्हणजे गिऱ्हाइकानं काउंटरवरून वाकून आमच्या वहीत स्वतःच आकडा घालण्यासारखं. बँकेत स्लिप भरावी लागते, सही तपासली जाते, शिल्लक पाहिली जाते, मग पैसे. त्या स्लिपेला जावात 'मेथड' म्हणतात. ही कल्पना मुळात आली कुठून, तेही कन्येनंच वाचून दाखवलं. नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर या दोघांनी १९६० नंतरच्या दशकात 'सिम्युला' नावाची भाषा केली. सुरुवातीला त्यांच्यासमोर काय होतं? रांगेतून येणारी गिऱ्हाइकं आणि त्यांना सेवा देणारी ठाणी! क्लास आणि ऑब्जेक्ट १९६७ च्या सिम्युलात आले, आणि पुढे या कामाबद्दल दोघांना २००१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. म्हणजे हप्त्याच्या दिवशीची आमची रांग न पाहताच त्या भल्या माणसांनी ती मांडली होती. आणि मी रोज त्या रांगेच्या तोंडाशी बसून समजत होतो, की असल्या विद्येशी आपला संबंध नाही.

शेवटचं कोडं मात्र मला लाजवून गेलं. कन्येनं एका खात्याची प्रत म्हणून 'ब बरोबर अ' असं लिहिलं. मग ब मधून पैसे काढले, तर अ मधलेही गेले. "मी तर कॉपी केली होती," ती म्हणाली.

"खात्याची नाही, पासबुकाची," मी म्हणालो. "संयुक्त खात्याची दोन पासबुकं असली, तरी खातं एकच. पासबुक म्हणजे पैसे नव्हेत. खातं कुठे आहे एवढंच ते दाखवतं."

हे बोललो आणि एकदम आठवण झाली. आदल्याच महिन्यात एक म्हातारी पासबुक हरवलं म्हणून काउंटरवर आली होती. "माये पैसे गेले, साहेब," असं म्हणत रडत होती. मागे रांग होती. मी मान वर न करता म्हणालो होतो, "अर्ज द्या. पुढचे." ती बराच वेळ बाकावर बसून होती आणि मग निघून गेली. तिची अडचण आणि आमच्या बी.सी.ए.च्या विद्यार्थिनीची अडचण अगदी एक होती. एकीला मी दिवसभर खुर्ची ओढून समजावलं आणि दुसरीला 'पुढचे' म्हणालो.

कन्या पुढच्या परीक्षेत अठ्ठावन्न गुणांनी सुटली. मामांना मी कळवलं, की स्थळ चांगलं आहे, पण मुलगी सध्या खाती उघडण्यात गुंतलेली आहे.

म्हातारी पुन्हा आली ती लाडक्या बहिणीच्या पैशांची चौकशी करणाऱ्या सुनेबरोबर. मी त्यांना बाकावर बसवलं, काउंटर सोडून बाहेर आलो आणि शेजारी बसलो. (रांगेतून हरकती आल्या. त्याही ऑब्जेक्टच.) म्हणालो, "आजी, तुमचे पैसे कुठंही गेले नाहीत. पैसे खात्यात आहेत. पुस्तक फक्त खात्याचा पत्ता. पत्ता हरवला म्हणून घर जातं का? अर्ज मी लिहितो, नवं पुस्तक मिळेल."

म्हातारीनं दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"म्हंजे पैसे पुस्तकात नाईच?"

"नाहीत, आजी."

"मंग म्या इतकी वर्सं ते पेटीत कुलूप लावून कायले ठेवलं, बाप्पा?"

संध्याकाळी हे कन्येला सांगितलं, तर ती टाळी वाजवून म्हणाली, "बाबा, आजीला रेफरन्स कळला! आमच्या वर्गात निम्म्यांना अजून कळला नाही."

"ते हात वर करत नसतील," मी म्हणालो.