पाण्याचा मोजा

उरुळीकांचन येथे १९४६ साली गांधीजींनी सुरू केलेल्या निसर्गोपचार आश्रमामुळे ‘जलोपचार’ हा शब्द आपल्या घरांना परका नाही. त्याचे मर्म मात्र मला बंगळूरच्या जयनगरात, साठी उलटल्यावर उमगले.

घोट्याचे हाड सांधले, तरी सूज उतरेना. मी घरीच पोटरीवर पट्टी करकचून आवळली. पाऊल अधिकच फुगले. व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी ती सोडविली आणि मला छातीभर पाण्यात उभे केले. कुबडीविना मी चार पावले टाकली! तेवढ्या पाण्यात देहाचा अर्ध्याहून अधिक भार पाणीच पेलते. शिवाय खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो. एक मीटर खोलीवर तो पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटर इतका भरतो. म्हणून तो घोट्याशी सर्वाधिक आणि वर कमी असतो, व साचलेला द्रव वर सरकतो. पट्टीही अशीच हवी : घोट्याशी घट्ट, वर सैल. मी नेमके उलटे केले होते.

ज्यांच्या पायांच्या रोहिण्या अरुंद झाल्या असतील, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून पट्टी आवळू नये. आपल्या घरी कुणाचा पाय सुजला, तर माझी चूक आठवावी. चौथ्या ब्लॉकच्या बाजारातून आज मी भाजीची पिशवी घेऊन पायीच परततो.