भोंग्याची भाषा

कृष्णा आणि कोयना या दोघी बहिणी महाबळेश्वराच्या डोंगरात जन्म घेतात आणि कराडास एकमेकींना भेटतात. त्या भेटीपूर्वी कोयनेला मात्र वाटेत थांबावे लागते. 1960 नंतरच्या काही वर्षांत कोयना धरणामागे पाणी साठत गेले आणि सातारा जिल्ह्याच्या डोंगरांत शिवसागर हा विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. शेते बुडाली, जुन्या वाटा बुडाल्या. बामणोली, तापोळा आणि पलीकडचे कांदाटी खोरे यांच्या दरम्यान येण्याजाण्यासाठी होडी व लाँच यांचाच आधार उरला. तेथील नावाड्यास आपल्या इंजिनाचा स्वर घरच्या माणसाच्या स्वरासारखा परिचित असतो.

खाली सांगलीकडे कृष्णाकाठच्या गावांतील स्थिती निराळी. पुरासाठी म्हणून ठेवलेली होडी व तिचे इंजिन वर्षातील बहुतेक दिवस कोपऱ्यात धूळ खात पडतात. आणि काम पडते ते अशा दिवशी, की ज्या दिवशी इंजिनाने रुसून चालतच नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर चढले होते. तेथे धोक्याची पातळी 45 फूट मानली जाते. त्याच पुरात 8 ऑगस्ट रोजी ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली होडी उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. पुराच्या ओढीत होडीवर ताबा राहणे म्हणजे काय, हे त्या काठाला कोणी निराळे सांगावयास नको.

होडीच्या मागील फळीवर अडकवावयाच्या या इंजिनास ‘आउटबोर्ड’ म्हणतात. नॉर्वेत जन्मलेल्या ओल एव्हिनरूड याने 1909 मध्ये अमेरिकेत अशी इंजिने विक्रीस आणली आणि वल्ही मारणाऱ्यांच्या खांद्यांना विसावा मिळाला. मोटारीचे इंजिन थंड राखण्यासाठी पुढे रेडिएटर असतो. आउटबोर्डला तो नाही. ते नदीचेच पाणी पिते. पाण्याखालच्या भागात एक जाळी असते. तिच्यातून शिरलेले पाणी रबरी पाकळ्यांचे एक लहानसे चक्र वर ढकलते. सिलिंडरभोवती फिरून ते पुन्हा नदीत जाते. त्यातलेच थोडे पाणी एका बारीक छिद्रातून धारेच्या रूपाने बाहेर पडत राहते. नावाडी अधूनमधून मान वळवून पाहतो, ती ही धार.

इंजिन फार तापले, तर भोंगा वाजतो. त्याची युक्ती मोठी साधी आहे. उष्णतेने निरनिराळे धातू कमीअधिक प्रसरण पावतात. म्हणून दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी तापली की वाकते, विजेची वाट जोडली जाते आणि भोंगा ओरडू लागतो. काही जुन्या इंजिनांत पेट्रोलबरोबर जळणाऱ्या तेलाची निराळी टाकी असते. तीतील तेल संपत आले तरी हाच भोंगा वाजतो. कोठे सलग, कोठे तुटक. ही खूण प्रत्येक इंजिनाची वेगळी. तान्हे मूल रडते, पण भूक लागली की पोट दुखते हे सांगत नाही, तसाच हा प्रकार!

एका मे महिन्यात कृष्णाकाठच्या एका गावची माणसे आपले जुने इंजिन टेंपोत घालून शिवसागराच्या काठी राहणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे आली. सर्व जण त्यांना आबा म्हणत. बरोबर शाळेत जाणारा एक मुलगाही होता.

“गेल्या पावसाळ्यात भोंगा सारखा वाजायचा,” एकाने सांगितले. “शेवटी कंटाळून तार तोडून टाकली.”

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी प्रथम तुटलेली तार जोडली. तेलाची टाकी पाहिली. ती भरलेली होती. मग जाळी बुडेल एवढे पाणी पिंपात भरून त्यात इंजिन उभे केले, कारण पाण्यावाचून क्षणभर चालवले तरी ती रबरी पाकळी घासून खराब होते. दोरी ओढताच इंजिन सुरू झाले. धार मात्र पडेना. आबांनी लगेच ते बंद केले आणि बारीक तार छिद्रात घातली. आतून वाळलेली माती गळली. कुंभारमाशीने तेथे घर केले होते!

इंजिन पुन्हा सुरू झाले आणि धार पडली. माणसे हसू लागली, टेंपोची फळी उघडू लागली. आबांनी हातानेच त्यांना थांबवले. त्यांच्या दृष्टीने धार बारीक होती. थोडा वेळ गेला आणि भोंगा वाजला.

“आबा, धार पडतीय की!” मुलगा म्हणाला. “मग भोंगा खोटा असेल.”

“असेलही. वायर घासली, तरी उगाच वाजतो. आपण इंजिनालाच विचारू.”

त्यांनी सिलिंडरच्या माथ्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. चर्र आवाज करून थेंब उडून गेले. इंजिन तत्काळ बंद झाले. ते निवल्यावर आबांनी खालचा भाग उतरवून रबरी चक्र बाहेर काढले. दीर्घकाळ एकाच जागी दाबून राहिल्याने त्याच्या पाकळ्या एका अंगास मुडपल्या होत्या. “मोज,” ते मुलाला म्हणाले. मुलाने दोनदा मोजल्या. जागा सहा होत्या, पाकळ्या पाच.

दुसऱ्या कोणी नवे चक्र बसवून मोकळे केले असते. आबा त्या सहाव्या पाकळीच्या शोधास लागले. तुटलेला तुकडा पाण्याबरोबर वर गेला असणार आणि कोठेतरी वाट अडवून बसला असणार. दुपार टळली, तेव्हा पाण्याच्या एका अरुंद मार्गातून त्यांनी नखाएवढा काळा तुकडा चिमट्याने ओढून काढला. गेल्या पावसाळ्यात भोंगा ओरडत होता तो ह्याचसाठी. आणि उत्तर म्हणून त्याची तार तुटली होती.

नवे चक्र बसले. धार करंगळीएवढी जाड पडू लागली. भोंगा गप्प राहिला. तरी आबांचे समाधान होईना. ते गप्प बसणे खरे की खोटे, हे कळावयास हवे होते. त्यांनी उष्णता दाखवणारी तार सोडवून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडास टेकवले. भोंगा मोठ्याने वाजला. मग त्यांनी तार पूर्ववत जोडली.

निघताना त्यांनी बजावले, “दर पंधरा दिवसांनी पिंपात घालून चालवा. उसाचा पाला अन् प्लास्टिक जाळीला चिकटतं, पुरात तिकडं ध्यान ठेवा. अन् या भोकात चिंधी घालून ठेवा, म्हणजे माशी शिरायची नाही.” चिंधीसाठी त्यांनी लाल कापड फाडले आणि तिचा शेंडा वीतभर बाहेर लोंबता ठेवला.

“आणि काढायची विसरलो तर?” मुलाने विचारले.

“धार दिसणार नाही. मग आधी चिंधी बघायची, इंजिनावर रागवायचं नाही.”

टेंपो कासच्या चढाला लागला, तेव्हा मुलगा मागे इंजिनाशेजारीच बसला होता. रबराचा तो काळा तुकडा त्याने खिशात ठेवला होता.