घोरणे

घोरणाऱ्याची थट्टा करणे हा आपल्याकडील जुना घरगुती विनोद होय. कुंभकर्णाचे नाव त्यासाठी सदैव तयार! नवीन जालन्यातील आमच्या घरीही तो चालत असे. पुढे मात्र सौभाग्यवतींस आमच्या घोरण्याची नव्हे, मध्येच पडणाऱ्या शांततेची धास्ती वाटू लागली. आमची खालची हनुवटी जन्मतःच मागे सरलेली. जबडा असा आखूड असला, म्हणजे झोपेत जीभ मागे ढळून घसा मिटतो; श्वास दहा-वीस सेकंद अडतो, मेंदू दचकतो, आणि निजलेल्यास त्याचा पत्ताही नसतो. डिकन्सच्या ‘पिकविक’मधील झोपाळू जोला वाचक १८३६-३७ पासून हसत आले, १९५६ साली डॉक्टरांनी त्याच ग्रंथाचे नाव एका विकारास दिले.

यावर उपाय दोन. एक, १९८१ साली ऑस्ट्रेलियात सलिव्हन यांनी प्रसिद्ध केलेले, नाकावाटे हवेचा दाब देणारे यंत्र. दुसरा, तारांनी दात जुळवून दोन्ही जबडे शस्त्रक्रियेने सुमारे एक सेंटिमीटर पुढे बसविणे. पन्नाशीनंतर चेहरा बदलण्यास आमचे मन धजत नाही; तूर्त यंत्रच पत्करले आहे. मुलांच्या वेड्यावाकड्या दातांविषयी ‘लग्नाच्या वेळी पाहू’ म्हणणाऱ्या आईबापांस मात्र एवढेच विनवावेसे वाटते : जबडा केवळ रूपाचा नव्हे, श्वासाचाही आहे.