दादा, अजून थोडं जवळ!

डीएसएलआर घेतला की पुढचा आजार ठरलेला - लेन्स! माझ्याकडे कॅननची ५५-२५० होती. छोटीशी, वजन ३७५ ग्रॅम, खिशाला परवडणारी. एपीएस-सी सेन्सरवर २५० म्हणजे फुलफ्रेमवरच्या ४०० मिलिमीटरसारखंच दिसतं. बास की अजून काय हवं? भिगवणला जाईपर्यंत तरी असंच वाटायचं.

उजनीच्या बॅकवॉटरवर हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात. पहाटेच पुण्याहून निघालो, होडीत बसलो, कॅमेरा डोळ्याला लावला. दिसले ते गुलाबी ठिपके! ‘दादा, अजून थोडं जवळ घ्या ना!’ मी तीनदा म्हणालो. चौथ्यांदा म्हणायच्या आत अख्खा थवा उडाला. मी धडाधड क्लिक करत सुटलो. काय फोटो आला! मित्र जाम खूश. नावाडी दादा मात्र एवढंच म्हणाले, ‘सर, खायला आल्यात ती. आपण उठवलं की उपाशी.’ तो फोटो मी अजून भिंतीवर लावलेला नाही.

पुढच्या वेळी सिग्माची १५०-६०० भाड्याने नेली. विकत घ्यायची तर लाखाच्या आसपास, म्हणजे ईएमआय आलाच. होडी लांबच थांबवली. थवा चिखलात चोच घालून निवांत खात राहिला आणि मला फ्रेम भरून फोटो मिळाले. पण जवळपास २ किलोचं ते धूड धरून खांदे बोलायला लागले. शिवाय ६०० वर ॲपर्चर एफ/६.३. पहाटेच्या अंधुक उजेडात आयएसओ वाढवा, नाहीतर फोटो हललाच समजा. आणि ऊन चढलं की पाण्यावरची हवाच थरथरते. तिथे महागडी लेन्स तरी काय करणार?

मग शांतपणे हिशेब मांडला. भिगवण वर्षातून दोनदा, तेव्हा मोठी लेन्स भाड्याने. बाकीचे रविवार पाषाण तलाव नाहीतर कवडीपाट, तिथे आपली ५५-२५० झिंदाबाद. पक्षी लहान येतो? येऊ दे! त्याच्याभोवतीचं पाणी, गवत, धुकंही येतं.

तेव्हा, लेन्स घ्यायला निघाला असाल तर आधी एक वीकएंड भाड्याने वापरून बघा. आणि फ्रेम भरत नसेल तर ‘अजून जवळ’ म्हणण्याआधी पक्ष्याकडे बघा. खाणं थांबवून त्याने मान वर केली असेल, तर आपण आधीच जास्त जवळ आलोय.