मुठीची बाजरी

नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांतून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक डबा असे. दळणासाठी धान्य काढले की पहिली मूठ त्या डब्यात पडायची, उरलेले मग जात्यात. रविवारी तो डबा चर्चमध्ये नेऊन रिकामा करायचा. ज्यांना पगार होता ते दशांश देत; ज्यांना नव्हता ते मूठ देत. आमची मोठीआई पगार होता तेव्हा दोन्ही देई, आणि पगार थांबल्यावर मूठ तेवढी राहिली. शहाण्णव वर्षांच्या आयुष्यात तिने अशा किती मुठी टाकल्या असतील, याचा हिशेब मी एकदा हौसेने करायला घेतला होता. पण तिची मूठच वर्षागणिक लहान होत गेली होती. तेव्हा तो नाद सोडून दिला.

तिचा जन्म १९०८ चा, नेवासे तालुक्यातला. तिचे आजोबा १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात अमेरिकन मराठी मिशनकडे गेले. ‘पोटासाठी बाटले’ असे गाव म्हणे, आणि पुढे शिकल्यासवरल्या माणसांनीही तसेच लिहिले. मोठीआई हा आरोप कधी नाकारीत नसे. ती म्हणे, “पोटासाठी गेले असतील. पर दुकाळ सरला, पिकंपाणी झालं, तवा माघारी का नाही आले, हे कुणी इचारीत न्हाई.” या प्रश्नाचे चांगलेसे उत्तर मी अजून कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही.

मिशनच्या शाळेत ती सातवीपर्यंत शिकली. १९२५ साली एका मिशन शाळेच्या मास्तरांशी तिचे लग्न झाले आणि तीही बायबलबाई म्हणून काम करू लागली. बायबलबाई म्हणजे खेडोपाडी पायी हिंडून बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवायचे, जमले तर अक्षरे शिकवायची, आणि हे दोन्ही राहून बहुधा कुणाच्या तरी तापलेल्या पोराच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवून परत यायचे. नऊवारी लुगडे, डोक्यावर पदर, पायांत जाड वहाणा, आणि कपाळ मोकळे. आमच्याकडे कुंकू लावीत नसत. त्यामुळे मोटारीत शेजारी बसलेल्या बायका तिला विधवा समजून हळहळत, आणि नवरा शेजारच्याच बाकावर बसलेला असे. १९४३ साली आजोबा खरोखरच गेले, तेव्हा तिच्या कपाळावर पुसण्यासारखे काही नव्हते. ती एकदा मला म्हणाली, “माझं दुःख कुणाला दिसलं न्हाई, हे एका परीनं बरंच झालं.” दुसऱ्या परीचे ती बोलली नाही.

तिचे बायबल पंडिता रमाबाईंचे होते. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून रमाबाईंनी ते मराठीत आणले. त्या १९२२ साली वारल्या आणि केडगावच्या मुक्ती छापखान्यातून पूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. लग्नात शाळेच्या बाईंनी मोठीआईला तो भेट दिला होता. रमाबाईंनी शास्त्रीपंडितांची भाषा मुद्दाम टाळून साध्यासुध्या बायकांना कळेल अशी मराठी लिहिली होती. मोठीआईला हे कुणी सांगायला लागले नाही. चर्चमध्ये दुसरे भाषांतर वाचीत. ते ऐकून घरी आली की ती म्हणे, “पाळकांचं ऐकलं, आता बाईंचं ऐकते.” पहाटे जात्यावर ना. वा. टिळकांची पदे ओवीच्या चालीवर चालत. टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्याविषयी ती बोले ते शेजारच्या आळीतल्या माणसांविषयी बोलावे तसे. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ साली निघाले, ते तिने कुणाकडून तरी मागून आणून वाचले, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले, असे माझे वडील सांगत.

एवढे असून ती बायबलशी भांडे. पाच मुलांपैकी दोन तिने तापात घालवली होती. इय्योबाचे पुस्तक वाचून झाले की ती चष्मा काढून ठेवी. त्याची सगळी लेकरे मेली, आणि शेवटी देवाने त्याला पुन्हा तितकीच दिली, हा हिशेब तिला पटत नसे. “दुसरी झाली म्हणून पहिली भरून निघतात होय?” असे ती मोठ्याने विचारी, आम्हांला नव्हे, वर. मग गुडघे टेकून रोजची प्रार्थना करी. भांडण आणि प्रार्थना यांच्यामध्ये ती कधी खंड पडू देत नसे. भक्त माणसाला शंका नसते असे जे म्हणतात, त्यांनी भक्त माणूस जवळून पाहिलेला नसावा.

आता तिच्या आयुष्यातल्या त्या गोष्टीकडे येतो, जिच्यावरून आमच्या घरात अजूनही दोन पक्ष आहेत.

१९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. १९६२ साली माझा थोरला चुलतभाऊ मॅट्रिक झाला. मार्क उत्तम, काकांना प्राथमिक शाळेतल्या मास्तराचा पगार. फीमाफी आणि शिष्यवृत्ती मिळण्यासाठी एका कारकुनाने, अगदी चांगल्या मनाने, तोड सुचवली. धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहा, जात तर आहेच ती. कोण बघायला येतो? आमच्या भावकीतल्या काहींनी तसे केले होते. काका अर्ज घेऊन घरी आले आणि तो त्यांनी मोठीआईपुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला. “पेत्रानं तीनदा नाकारलं, पर भ्यालं होतं ते बिचारं,” ती म्हणाली. “आपण कशाला भ्यायचं? फी किती?”

दुसऱ्या दिवशी ती सराफकट्ट्यावर गेली आणि पाटल्या मोडून आली. भाऊ इंजिनियर झाला.

पण त्या पाटल्या माझ्या चुलतबहिणीसाठी होत्या. तिच्या बोर्डिंगच्या खर्चासाठी ठेवलेल्या. ती तेव्हा तेरा वर्षांची, अभ्यासात भावाच्या पुढेच. तिची शाळा सुटली आणि ती घरकामाला लागली. मोठीआईची निष्ठा मोठी खरी, पण तिची किंमत एका मुलीने भरली आणि त्या मुलीला कुणी विचारले नव्हते, हे मला लिहिल्यावाचून राहवत नाही. पेत्राची कथा सांगणाऱ्यांच्या ध्यानात हे सहसा येत नाही.

गंमत अशी की ज्यांनी कागदावर ‘हिंदू’ लिहिले, त्यांच्याशी तिने कधी अबोला धरला नाही. नाताळात ती मंडळी करंज्या खायला आमच्याकडे येत. कुणी कुजबुजले तर ती म्हणे, “कागदावर काय लिवलं ते सरकारनं बघावं. ताटात काय वाढायचं ते मी बघीन.” तिच्या मामाच्या घरचे महारवाड्यातच राहिले होते, १९५६ साली बाबासाहेबांच्या मागोमाग ते बौद्ध झाले. त्यांच्या लग्नांना ती आवर्जून जाई. “आपण आधी निघालो, ते मागून निघाले, निघालो एकाच दारातून,” असे तिचे म्हणणे. १९९० साली कायदा बदलून बौद्धांना सवलती मिळाल्या आणि ख्रिस्ती बाहेरच राहिले, ती बातमी मी तिला वाचून दाखवली. तेव्हा ती ब्याऐंशी वर्षांची होती. मामांकडचे सुटले याचा तिला आनंद झाला. मग बराच वेळ गप्प राहून तिने विचारले, “गावात वरून पाणी वतायचे, तवा आमचा धर्म इचारून वतायचे का?”

मिशनरी एकेक करून परत गेले. १९७० साली निरनिराळ्या मंडळ्या एकत्र होऊन उत्तर भारताची एक मंडळी झाली आणि आम्हांला बिशप आले. मोठीआईने या घडामोडींची फारशी दखल घेतली नाही. १९७२ च्या दुष्काळात घरात बाजरीचा दाणा नव्हता, रेशनवरचा तांबडा मिलो होता. तिने डब्यात मिलोची मूठ टाकली. काकू म्हणाल्या, हा तर परदेशातून धर्मादाय आलेला, तो पुन्हा धर्मादाय कशाला? “माझ्या जात्याशी आला, म्हणजे माझा झाला,” असे म्हणून तिने झाकण लावले.

२००४ साली पावसाळ्यात ती गेली; दोन दिवस पडून होती, तेवढेच. तिचे बायबल, तिने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे, चुलतबहिणीकडे गेले. जुना करार संपून नवा सुरू होतो तिथल्या कोऱ्या पानांवर तिने घरातले जन्म, बाप्तिस्मे, मृत्यू बारीक अक्षरांत लिहून ठेवले होते. मध्येच कुठे पावसाची तारीख, कुणाकडून घेतलेले पंचवीस रुपये. बहिणीने मला ते पान दाखवले. १९६२ च्या खाली एक ओळ होती: ‘पाटल्या मोडल्या. थोरला कॉलेजात. पोरीची शाळा राहिली.’

बहीण पुढे दोन मुलांची आई झाल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षेला बसली होती. त्या ओळीच्या खालची जागा मोठीआईने एकवीस वर्षे मोकळी ठेवली होती. नंतरच्या साऱ्या नोंदी पलीकडच्या पानावर होत्या. आणि त्या मोकळ्या जागेत, हात कापू लागल्यानंतरच्या अक्षरात, लिहिले होते: ‘१९८३. पोरगी पास झाली.’

बहिणीने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पान जवळ धरून पाहिले.

“मार्क लिहायचे राहिले तिचे,” ती म्हणाली.